चहापुरता स्टोव्ह

व्यंकटरावांना कचेरीतून आल्यावर माणसं लागत. हिंगोलीच्या तहसील कचेरीत ते कारकून होते, उर्दूचा हात सुरेख, बोलणं गोड. दिवेलागणीला त्यांच्या ओसरीवर दोन-चार जण हटकून बसलेले असायचे. कुणी वकील, कुणी कापसाचा अडत्या, कधी खुद्द कचेरीतले वरचे अंमलदार, पेशकार साहेब. आमचं घर त्यांच्या घराला लागूनच होतं. मधली भिंत एकच, त्यामुळे तिकडचं हसणं इकडे ऐकू यायचं. मी सांगते ती हकिकत त्या घरातल्या गंगूताईंची, व्यंकटरावांच्या बायकोची. थोडं मी लहानपणी पाहिलेलं, बरंचसं माझ्या आईनं सांगितलेलं आणि वाशीमचं सगळं खुद्द गंगूताईंच्या तोंडचं.

गंगूताईंना मूलबाळ नव्हतं. घरात त्या, व्यंकटराव आणि सासूबाई. धाकटे दीर गोपाळ वसमतला शाळेत मास्तर होते. तिथं बिऱ्हाडाची सोय नव्हती म्हणून त्यांची बायको निर्मला इकडेच असायची. वसमतचीच ती, माणिकरावांची लेक. बारीक अंगाची, हसरी. नवरा माहेरच्या गावी आणि आपण सासरी, याचं तिला फार हसू यायचं. गंगूताईंना ती ताई म्हणायची. दोघी जावा आहेत असं कुणाला वाटायचं नाही.

ओसरीवरच्या माणसांना चहा लागायचा, तोही एकदाच नाही. दर वेळी चूल फुंका, ओल्या गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत घ्या. वकिलांच्या घरी गंगूताईंनी स्टोव्ह पाहिला होता. त्यांनी तो मागितला. आजवर त्यांनी नवऱ्याकडे काही मागितल्याचं माझ्या आईला आठवत नव्हतं. सासूबाईंनी एकाच अटीवर होकार दिला. स्वयंपाक चुलीवरच होईल, स्टोव्ह चहापुरता.

साल छत्तीसचं असावं. व्यंकटराव पेठेत गेले आणि दोन वस्तू घेऊन आले. ओसरीसाठी विलायती गॅसबत्ती, चांगली नामांकित, दुकानातली सगळ्यांत महाग. आणि स्वयंपाकघरासाठी एक स्टोव्ह. त्याच्यावर कुणाचं नाव नव्हतं, शिक्का नव्हता. पत्रा पातळ, वरून पितळेचा मुलामा.

"वकिलांकडचा असा नाही," गंगूताई म्हणाल्या. "तो उचलायला जड आहे."

"तो विलायती. त्याला याच्या तिप्पट पडतात."

"मग फरक काय दोन्हींत?"

"फरक किमतीचा. पाणी दोन्हींवर उकळतं. चहापुरता तर पाहिजे तुम्हाला."

"आणि बत्ती महागाची काहून घेतली मग?"

"बत्ती चार माणसांसमोर लागते," व्यंकटराव म्हणाले. यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर गंगूताईंनाही तेव्हा वाटलं नाही. घरोघर हेच होतं. बैठकीची सतरंजी नवी आणि माजघरातली गोधडी ठिगळाची.

त्या स्टोव्हचा एक पाय आखूड होता. निर्मला त्याखाली खापराचा तुकडा सरकवायची. थोड्याच दिवसांत टाकीच्या खालच्या जोडाशी ओल दिसायला लागली. हात लावला की बोटाला घासलेटाचा वास. गंगूताईंनी सांगितल्यावर व्यंकटरावांनी तांबटाकडून डाख मारून आणला. महिनाभर बरं चाललं, मग पुन्हा ओल.

"याचं काही खरं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "परत करा न् दुसरा आणा."

"डाख मारलेली वस्तू दुकानदार परत घेत नसतो. फडक्यानं पुसून घेत जा."

मग त्या पुसून घेऊ लागल्या. निर्मलाही पुसायची. स्टोव्हशेजारी एक फडकं कायम ठेवलेलं असायचं.

थंडीचे दिवस होते. ओसरीवर माणसं जमली होती, बत्ती पेटली होती. गंगूताई पोळ्यांची कणीक मळत होत्या आणि निर्मला उकिडवी बसून स्टोव्हला पंप मारत होती. आधण ठेवायच्या आत खालून फट्ट असा आवाज आला. फार मोठा नाही. माझ्या आईला वाटलं, पलीकडे मडकं फुटलं. टाकीचा तळच निसटला होता. सगळं घासलेट निर्मलाच्या मांडीवर सांडलं आणि त्याच्यामागून आग आली.

गंगूताईंनी कणकेच्याच हातांनी कोपऱ्यातली गोधडी ओढली, तिच्यावर टाकली आणि तिला मिठी मारून खाली पाडलं. गोधडी पेटत होती तिथं तिथं त्या उजव्या हाताच्या तळव्यानं दाबत राहिल्या. ओसरीवरची माणसं आत धावली. त्यांतल्या एकानं खुंटीवरची बत्ती काढून आणली होती. त्या लखलखीत उजेडात सगळ्यांनी तिला पाहिलं. माझी आई पोचली तेव्हा पेशकार साहेब तोंड भिंतीकडे करून उभे होते.

डॉक्टर आले, मलम लावलं, अफूची मात्रा दिली आणि व्यंकटरावांना बाहेर नेऊन काय ते सांगितलं. निर्मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. शुद्धीवर होती, हेच फार वाईट झालं. पाणी मागायची आणि दोन घोटांनी नको म्हणायची. गोपाळला माणूस पाठवला होता, पण तो पोचायचा होता.

"ताई," ती मधेच म्हणाली, "मी पंप जास्त नाही मारला. रोजच्याएवढाच मारला."

"ठाऊक आहे मला. बोलू नको."

"भाऊजी रागावतील. त्यांना सांगा तुम्ही."

"सांगते."

गोपाळ आला तेव्हा तिला खाली घेतलेलं होतं.

जळून मेलेली सून, म्हणजे पोलिसांचे अमीन येणारच. ते आले, ओसरीवर बसले. त्याच्या आधीच सासूबाईंनी फुटका स्टोव्ह परसातल्या विहिरीत टाकायला लावला होता. घरात पुन्हा ते अवलक्षण दिसायला नको म्हणून, असं त्या म्हणाल्या. अमिनांनी विचारलं, कसं झालं. व्यंकटराव म्हणाले, "पदर पेटला साहेब. चहा करताना पदराकडं लक्ष राहिलं नाही. पोरगी स्वभावानं थोडी वेंधळी होती."

पंचनामा तसाच झाला. घरात छळ नव्हता हे साऱ्या गल्लीला माहीत होतं, त्यामुळे कुणी जास्त खोदलं नाही. हाताला केळीचं पान गुंडाळून गंगूताई दाराआड उभ्या होत्या. त्यांनी प्रत्येक शब्द ऐकला.

तिसऱ्या दिवशी वसमतहून माणिकराव आले. उंच, वाकलेले, देवळाच्या पूजेअर्चेवर घर चालवणारे. त्यांनाही तेच सांगण्यात आलं. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. व्यंकटरावांना आणि गोपाळला हात जोडले आणि म्हणाले, "पोरीला शिकवण द्यायला आम्हीच कमी पडलो. तुमच्या घराला तकलीफ झाली."

हे ऐकून गंगूताई आमच्याकडे आल्या आणि आईजवळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "बाप माफी मागून गेला हो. तिच्या बापानं माफी मागितली."

तेरावं झाल्यावर त्या नवऱ्याशी बोलल्या. गोपाळला तरी खरं सांगा म्हणाल्या. व्यंकटराव चिडले नाहीत. "सांगतो," ते म्हणाले. "मग तो माझं तोंड पाहील का? दोन भाऊ वेगळे झालेले आईला बघवतील? आणि सांगून ती परत येणार आहे का?"

गंगूताई गप्प बसल्या. पुढे त्या गप्प बसण्याबद्दल त्या आईजवळ पुष्कळदा बोलत. म्हणत, मला वाटलं, घर टिकवायचं म्हणजे हेच असतं.

त्यांचा उजवा हात बरा झाला तो आखडून. दोन बोटं एकमेकांना चिकटली आणि तळवा उघडेना.

दीडेक वर्षानं गोपाळचं दुसरं लग्न ठरलं. मुलगी कळमनुरीकडची, नाव तारा. लग्नाआधी गंगूताईंनी आपल्या पाटल्या काढून वाशीमच्या भावाकडे पाठवल्या. माहेरच्या पाटल्या होत्या त्या. उजवा हात तसाही पाटली चढण्यातला राहिला नव्हता. भावानं त्या मोडून विलायती पितळी स्टोव्ह घेतला आणि स्वतः घेऊन आला. वाशीम तेव्हा इंग्रजी मुलखात, हिंगोली निजामाची. कनेरगावच्या नाक्यावर करोडगिरीवाल्यांनी खोका उघडला, स्टोव्ह उलटा-सुलटा केला आणि जकात लावली. तीही भावानंच भरली.

व्यंकटरावांनी स्टोव्ह पाहिला. "पाटल्या मोडून स्टोव्ह? लोक हसतील."

"हसू द्या. तारा या घरात चहा करणार असेल तर याच्यावर करील."

सुरुवातीला त्या ताराला स्टोव्हला हात लावू देत नसत. डाव्या हातानं स्वतः पंप मारायच्या. पुढे तिला शिकवलं. स्टोव्ह जड होता, जमिनीवर घट्ट बसायचा, टाकीला बोट फिरवलं तर कुठं ओल नाही. दर आठवड्याला त्या चिंच लावून तो घासायच्या. वर्षं गेली. कधी भडका नाही, कधी गळती नाही, एकदा तेवढा चामड्याचा वायसर बदलावा लागला.

एका दिवाळीला जेवताना व्यंकटराव म्हणाले, "बघा, इतक्या वर्षांत एकदा तरी काही झालं का? साध्या स्टोव्हवरही एवढा चहा झाला असता. उगाच सोनं मोडलं तुम्ही."

गंगूताई वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "काही झालं नाही, त्याचेच पैसे दिले मी."

व्यंकटरावांनी मान खाली घातली. पण गोपाळला त्यातलं काही कळलं नाही. तो सहज म्हणाला, "वहिनी, तुम्ही फार भिता. तारा काही निर्मलासारखी नाही. ती सांभाळून असते."

गंगूताईंनी भाताचं पातेलं तिथंच ठेवलं आणि त्या परसात निघून गेल्या. तारानं उरलेलं वाढलं.

मग लढाईची झळ लागली. घासलेट मिळेनासं झालं, मिळालं तर रांगेत उभं राहून बाटलीभर. ते कंदिलाला लागायचं. महागाचा स्टोव्ह फळीवर बसून राहिला आणि घर पुन्हा चुलीवर आलं. त्याच काळात सासूबाई गेल्या. गोपाळची बदली हिंगोलीला झाली. ताराला एक मुलगी झाली.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं ते भीतीतच. रझाकारांची नावं घेताना लोक आवाज खाली करत. खेड्यांतून जाळपोळीच्या बातम्या येत, खऱ्या किती नि खोट्या किती कळायला मार्ग नसे. एक दिवस पेशकार साहेबांनी व्यंकटरावांना बाजूला घेतलं. "व्यंकटराव, मी मुसलमान आहे म्हणून सांगतोय असं समजू नका, शेजारी म्हणून सांगतोय. बायकामाणसं काही दिवस पलीकडं न्या."

पावसाळ्यात ते निघाले. आम्ही आधीच गेलो होतो. बैलगाडीत कपड्यांची बोचकी, धान्याचं पोतं आणि गंगूताईंच्या मांडीवर स्टोव्ह. व्यंकटराव म्हणाले, देवघर राहिलं आणि हे काय घेतलं. कनेरगाव ओलांडून वाशीमला पोचेपर्यंत चाकं चिखलात रुतत होती.

भावाचं घर आधीच भरलेलं होतं. यांना एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये जागा मिळाली. शंभरावर माणसं, मधे पोत्यांचे आडोसे. पत्र्यावर दिवसभर पाऊस. लाकूडफाटा सगळा भिजलेला. निर्वासित म्हणून थोडं घासलेट मिळायचं, त्यावर गंगूताईंचा स्टोव्ह चालू झाला. ताराच्या लेकीला हगवण लागली तेव्हा पाणी उकळून त्याच्यावरच दिलं. आजूबाजूच्या तान्ह्या लेकरांचं दूधही त्याच्यावर तापायचं. हगवणीनं त्या शेडमधली काही लेकरं गेली, पण ताराची मुलगी वाचली.

शेजारच्या आडोशाला डोंगरकडा गावचं एक जोडपं होतं, संतराम आणि देवला. कोरडवाहू शेतीतली माणसं. देवलाला दिवस गेलेले. एका संध्याकाळी संतराम बाजारातून स्टोव्ह घेऊन आला, स्वस्तातला. देवला त्याच्यासमोर बसली आणि पंप मारू लागली. गंगूताईंनी तो स्टोव्ह पाहिला, उठल्या आणि तिचा हात धरला.

"हा पेटवू नको. आमच्यावर कर काय करायचं ते."

संतरामला ते लागलं. "काहून? आमाला काय भीक लागली? आमचं आमी करू."

"भिकेचं नाही रे बाबा. याची टाकी खरी नसते."

"महागाचा घ्यायची ऐपत असती तर घेतला असता, बाई. आमाला हाच परवडला. तुमच्यावानी पितळ कुठून आणावं? पेटव गं देवला."

गंगूताईंनी हात सोडला नाही. आजूबाजूची माणसं बघायला लागली. गोपाळ पलीकडे मुलीला घेऊन बसला होता, तो म्हणाला, "वहिनी, जाऊ द्या. प्रत्येक बाई काही वेंधळी नसते."

तेव्हा व्यंकटराव उठले. ते आता पन्नाशीचे झाले होते, शेडच्या ओलीनं खोकत होते. ते संतरामच्या समोर जाऊन बसले, त्याच्या बरोबरीनं, जमिनीवर.

"माझ्या घरी असाच स्टोव्ह होता," ते म्हणाले. "मला चांगला परवडत होता. बत्ती घेतली मी चांगली, आणि चुलीपाशी हा ठेवला. तो गळत होता. मला दोनदा सांगितलं होतं घरच्यांनी. तो फुटला न् माझ्या भावाची बायको जळून गेली. तिचा पदर पेटला असं मी लिहून दिलं. पदर पेटला नव्हता."

संतरामनं देवलापुढचा स्टोव्ह उचलून बाजूला ठेवला.

गोपाळनं मुलगी ताराच्या हातात दिली. भावाकडे त्यानं पाहिलंच नाही. गंगूताईंना विचारलं, "वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"बारा वर्षं?"

"हो."

"मी तिला वेंधळी म्हणत आलो. आत्ता म्हणालो."

गंगूताईंनी त्याला निर्मलाचं शेवटचं बोलणं सांगितलं, पंपाचं. सांगायला नको होतं की सांगायला हवं होतं, हे त्यांना मरेपर्यंत ठरवता आलं नाही. गोपाळ उठून पावसात गेला. परत आला तो शेडच्या दुसऱ्या टोकाला आपलं अंथरूण घालून राहिला. तारा मधे ये-जा करायची.

संतरामनं दुसऱ्या दिवशी स्टोव्ह परत न्यायचा प्रयत्न केला, दुकानदारानं घेतला नाही. पैसे गेले ते गेलेच. देवलाचं जेवण त्या दिवसापासून गंगूताईंच्या स्टोव्हवर होऊ लागलं.

सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. लोक गाड्या जोडून परत निघाले. गोपाळ हिंगोलीला थांबला नाही, तसाच पुढं वसमतला गेला, माणिकरावांना सांगायला. माणिकराव तीन वर्षांमागंच वारले होते. घरात निर्मलाची आई होती, कानांनी पार बहिरी. तिला एकदा सांगून ऐकू गेलं नाही. गोपाळला ओरडून सांगावं लागलं, की तुमच्या लेकीची चूक नव्हती, स्टोव्ह फुटला होता. गल्लीतली माणसं दारात जमली. म्हातारीनं ऐकलं, मग विचारलं, "मग यांना काहून नाही सांगितलं? हे तर तेच घोकत गेले."

त्यानं वसमतलाच पुन्हा शाळा धरली. तारा सामान न्यायला हिंगोलीला आली तेव्हा हे सगळं गंगूताईंना सांगून रडली. गंगूताईंनी तिच्या बोचक्यात स्टोव्ह बांधून दिला. तारा नको म्हणत होती. "घेऊन जा," त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठीच आणला होता."

व्यंकटराव पुन्हा कचेरीत जाऊ लागले. तिथं आता नवे साहेब आले होते, उर्दूचं काम कमी होत चाललं होतं. पेशकार साहेब हैदराबादकडे निघून गेले होते. संध्याकाळी ओसरीवर कुणी येईना, आणि आलं तरी व्यंकटराव आतून बाहेर येत नसत. नवराबायकोत भांडण असं नव्हतं. ते जेवायला बसत, त्या वाढत.

त्या वर्षीच्या दिवाळीत गंगूताई आमच्याकडे एक मोठा डबा घेऊन आल्या. चुलीच्या धुरानं डोळे लाल झाले होते. आईनं झाकण काढलं तर करंज्या गच्च भरलेल्या.

"एवढ्या?" आई म्हणाली.

"दोघांपुरतं करायला जमत नाही मला," गंगूताई म्हणाल्या. "हातच पाचांचा पडतो. ठेवून घ्या." आणि रिकामा डबा मिळेपर्यंत त्या उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या.